करंडा, कोयरी की पंचपाळे?

प्रश्न असा आला आहे : ‘आजेसासूबाईंच्या सामानात एक जुनी शिसवी डबी सापडली. झाकणावर मोर कोरलेला आहे, झाकण एका खिळ्यावर गोल फिरतं आणि आत पाच वाट्या कोरलेल्या आहेत. वाट्यांच्या कडांना अजून कुंकू चिकटलेलं आहे. जुन्या वस्तूंचे व्यापारी हिला तिलकपेटी किंवा सिंदूरदाणी म्हणतात, सासूबाई करंडा म्हणतात. खरा मराठी शब्द कोणता?’

तुमच्या डबीचं नाव पंचपाळे. पाच वाट्या एकत्र असलेलं पूजेचं पात्र ते पंचपाळे, मग ते पितळी असो, चांदीचं असो की लाकडी. हळद, कुंकू, गुलाल, बुक्का आणि अक्षता असा त्यातला नेहमीचा ऐवज. पूजा सांगणारे गुरुजी ‘पंचपाळं घ्या जवळ’ म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं हेच हवं असतं.

सिंदूरदाणी हा शब्द मात्र मला खटकतो. ‘दाणी’ला माझी हरकत नाही. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी आपण पूर्वापार म्हणतो. अडचण सिंदूरची आहे. आपल्याकडे शेंदूर मारुतीला आणि गणपतीला. बाईच्या कपाळी कुंकू. भांगात सिंदूर भरायची रीत उत्तरेकडची, तिथल्या डबीला ते नाव शोभतं. तुमच्या डबीच्या वाट्यांना कुंकू चिकटलेलं असताना तिला सिंदूरदाणी म्हटलं, तर जिने ती वापरली तिचा हातच त्या नावातून पुसला जातो.

आता सासूबाईंचा करंडा. तो परका शब्द नाही, पण करंडा म्हणजे एकट्या कुंकवाची, झाकणाची, बहुधा गोल डबी. आधी कपाळाला मेण लावायचं आणि त्यावर करंड्यातलं कुंकू टेकवायचं. मेणाची डबी, करंडा, फणी हे सगळं आरशासकट ज्या पेटीत राहायचं ती फणेरपेटी. आणि करंडा नुसता शृंगाराचा नाही. सौभाग्यवाणात फणी, करंडा, आरसा, गळेसरी, बांगड्या ठेवतात, देवीची ओटी भरतानाही फणी-करंडा वाहतात. ही जोडी इतकी पक्की की माझी आत्या ‘फणीकरंडा’ एका दमात, एकच शब्द असल्यासारखा म्हणायची.

शब्दाचं मूळ पाहिलं की मला फार आनंद होतो. संस्कृत ‘करण्ड’ म्हणजे वेताची किंवा बांबूची टोपली. ती मराठीत करंडी होऊन आजही जिवंत आहे : आंब्यांची करंडी, द्राक्षांची करंडी. टोपलीवर झाकण आलं, ती लहान झाली, लाकडाची आणि धातूची झाली, देव्हाऱ्याशी आणि आरशाशी जाऊन बसली आणि करंडा म्हणवू लागली. मूर्तिशास्त्रातही तीच टोपली भेटते : देवींच्या मस्तकावर टोपलीसारखा चढत गेलेला मुकुट असतो, तो करंडमुकुट. आणि आपला ‘करंडक’ तोच! रणजी करंडक म्हणताना किंवा १९६३पासून पुण्यात रंगणारी ‘पुरुषोत्तम करंडक’ स्पर्धा पाहताना कुंकवाची डबी कुणाच्या मनात येत नाही, पण शब्दाचं घराणं एकच.

पेटीचीही गोष्ट काहीशी अशीच. पेटारा हे मूळचं विणलेलं, झाकणाचं टोपलंच.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, एक सुंदर शेजार आहे. ‘समुद्गकः संपुटकः’ ही झाकणाच्या डबीची नावं येतात, मधे पिकदाणी आणि पाठोपाठ ‘प्रसाधनी कङ्कतिका’, म्हणजे फणी. मग सुगंधी चूर्ण आणि लगेच आरसा. फणेरपेटी उघडून एकेक वस्तू बाहेर काढावी असा तो क्रम आहे. त्यातल्या कंकताचा आपला कंगवा झाला. संपुट म्हणजे एकमेकांवर नीट बसणारे दोन भाग. दुर्गासप्तशती ह्या देवीच्या पोथीतल्या प्रत्येक श्लोकाच्या आधी आणि नंतर एखादा मंत्र म्हटला की तो संपुटित पाठ होतो, तिथेही कल्पना डबीचीच. मराठीत ह्या संपुटाचा संपुष्ट झाला, पण तो देवांचा : शाळिग्राम, पंचायतन ठेवण्याची झाकणाची डबी, बरेचदा तांब्याची. म्हणून तुमच्या डबीला संपुष्ट म्हणू नये.

कोयरी राहिली. ती कैरीच्या आकाराची हळदीकुंकवाची डबी. लुगड्यांच्या काठापदरावरची कोयरीही ह्याच आकाराची. तुमची डबी वेगळ्या घाटाची आहे, तेव्हा तोही शब्द बाजूला ठेवू.

डबीवर चिठ्ठी लावायची असेल तर ‘पंचपाळे, शिसवी, फिरत्या झाकणाचे’ असं लिहा. शब्द नपुंसकलिंगी आहे : ते पंचपाळे, ती पंचपाळी, पंचपाळ्यात. आणि सासूबाई करंडा म्हणत असतील तर कंसात तोही लिहून ठेवा, कारण त्या घरात ती डबी त्याच नावानं मागितली गेली आहे.