वाचकांचे प्रश्न : मीटरपट्टीचा हिशोब जुळत का नाही?

प्रश्न : सर, आम्हाला प्रॅक्टिकलला टॉर्क (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) बॅलन्स करायचा प्रयोग आहे. मीटरपट्टी ४० सेंमीच्या खुणेवर टेकूवर ठेवली, १० च्या खुणेवर २०० ग्रॅम लटकवलं आणि उजवीकडे १०० ग्रॅम सरकवत नेलं. डावीकडे २०० गुणिले ३० म्हणजे ६०००, मग उजवीकडचं वजन टेकूपासून ६० सेंमीवर, म्हणजे थेट पट्टीच्या टोकाला यायला हवं ना? पण पट्टी ८७.८ वरच आडवी होते, कितीही वेळा करा. पार्टनर म्हणते रीडिंग ॲडजस्ट करून टाकू. आमचं नक्की काय चुकतंय?

उत्तर : रीडिंगला अजिबात हात लावू नका, ते अगदी व्यवस्थित आलंय! तुमच्या हिशोबातून एक बल सुटलंय, खुद्द पट्टीचं वजन. टेकू मधोमध असला की पट्टीचं वजन टेकूच्या बरोबर वर येतं, अंतर शून्य म्हणून टॉर्कही शून्य, आणि शाळेत आपण कायम तसंच केलेलं असतं त्यामुळे पट्टीलाही वजन असतं हे डोक्यातून निघूनच जातं. टेकू ४० वर नेला की पट्टीचा मोठा भाग उजवीकडे जातो आणि तिचं वजन गुरुत्वमध्यापाशी (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूपाशी) खाली ओढत, त्या १०० ग्रॅमच्याच बाजूने पट्टी फिरवायला बघतं.

आता हेच रीडिंग उलटं वापरा. आधी नुसती पट्टी टेकूवर तोलून गुरुत्वमध्य शोधा, तो ५० वरच असेल असं धरून चालू नका, लाकूड सगळीकडे सारखं नसतं, टोकं झिजलेली असतात, एका टोकाला भोक असतं. समजा तो ५०.२ वर निघाला. उजवीकडचं १०० ग्रॅम टेकूपासून ४७.८ सेंमीवर, म्हणजे ४७८०. सहा हजारातले उरलेले १२२० पट्टीने दिले, तिचं अंतर १०.२, भागाकार केला की पट्टीचं वस्तुमान साधारण ११९.६ ग्रॅम येतं. (गुरुत्वत्वरण सगळ्याच पदांत तेच आहे म्हणून ग्रॅम-सेंटीमीटरमध्ये काम भागतं.) गुरुत्वमध्य डोळे झाकून ५० धरला असता तर १२२ आलं असतं, दोन मिलीमीटरचा एवढा फरक पडतो. आणि ८७.८ वाचताना एक मिलीमीटर इकडेतिकडे झालं तर उत्तर साधारण एक ग्रॅमने हलतं, तेव्हा जर्नलमध्ये ११९.६ पुढे आणखी दशांश लिहू नका.

मग पट्टी वजनकाट्यावर ठेवा. समजा १२० भरली. आता मला या प्रयोगात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट करून बघा, टॉर्क टेकूभोवती न घेता पट्टीच्या शून्य टोकाभोवती घ्या. खाली ओढणारी बलं : २०० गुणिले १०, १२० गुणिले ५०.२, १०० गुणिले ८७.८, बेरीज १६८०४. वर ढकलणारा एकटा टेकू, तो सगळा भार पेलतो म्हणजे ४२०, गुणिले ४०, झाले १६८००. जुळलं! पट्टी शून्याभोवती फिरतच नाहीये तरी जुळतं, कारण वस्तू स्थिर असेल आणि बलांची बेरीज शून्य असेल तर टॉर्कची बेरीज कुठल्याही बिंदूभोवती शून्यच येते. टेकूचा बिंदू आपण निवडतो तो फक्त सोयीसाठी, टेकूचं बल माहीत नसलं तरी अंतर शून्य असल्यामुळे ते हिशोबातून गळून पडतं.

वजनं हुक किंवा हँगरला अडकवत असाल तर त्याचं वस्तुमानही धरा, तिथे हमखास घोळ होतो.

प्रश्न : पट्टी टेकूवर ठेवली की जरा धक्का लागला तरी धाडकन पडते, पण वरच्या कडेजवळच्या भोकातून टांगली की झुलून परत आडवी होते. समतोल तर दोन्हीकडे आहे, मग असं का?

उत्तर : दोन्हीकडे टॉर्क शून्य आहे हे खरं, फरक पट्टी थोडी कलली की पुढे काय होतं त्यात आहे. टेकू खाली असला तर गुरुत्वमध्य त्याच्या वर असतो, पट्टी उजवीकडे कलली की तोही उजवीकडेच सरकतो आणि वजन तिला आणखी कलवतं. टांगलेल्या पट्टीत गुरुत्वमध्य आधाराच्या खाली, उजवीकडे कलली की तो डावीकडे सरकतो आणि वजनच तिला परत आणतं. म्हणून प्रयोगाला टांगलेली पट्टी बरी, फक्त आधार गुरुत्वमध्याच्या फार वर नको, नाहीतर वजन थोडं सरकवलं तरी पट्टी जेमतेम कलते आणि नेमकी जागा कळत नाही. खिळ्यापाशी घर्षणही असतं, त्यामुळे वजन हळूहळू सरकवत पट्टी एका बाजूला जेमतेम कलायला लागते ती जागा लिहा, मग दुसऱ्या बाजूला कलते ती, आणि दोन्हींची सरासरी हेच रीडिंग घ्या.