हरवलेली अंगठी आणि पहिला मेटल डिटेक्टर

प्रश्न : सोयाबीन काढताना माझी साडेतीन ग्रॅमची सोन्याची अंगठी रानात पडली. तुकडा साधारण पाच गुंठ्यांचा, जमीन काळी. मेटल डिटेक्टर घ्यायचा विचार आहे, पण दुकानदार फक्त 'किती फूट खाली शोधतो' एवढेच सांगतात. निवड कशी करावी? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : पहिले काम म्हणजे त्या तुकड्यात रोटाव्हेटर जाऊ देऊ नका. नुकतीच पडलेली अंगठी वरच्या चार-पाच सेंटीमीटर मातीत असते. एकदा रोटाव्हेटर फिरला की ती वीतभर खाली जाते, वाकते, कधी तुटतेही. तुटून उघडलेल्या कड्याचा संकेत अखंड कड्यापेक्षा बराच दुबळा येतो, कारण कड्यातून गोल फिरणारा वीजप्रवाह खंडित होतो.

म्हणजे खोलीची तुम्हाला फारशी गरजच नाही. यंत्र लहान सोन्याला किती तिखट आहे आणि काळ्या रानात ते शांत राहते का, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे.

तिखटपणा बराचसा फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे यंत्राच्या लहरींच्या कंपनसंख्येवर ठरतो. 5 ते 8 किलोहर्ट्झची यंत्रे चांदीच्या-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना बरी. हलक्या सोन्याला 12 ते 20 किलोहर्ट्झ चांगली. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे, त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि यंत्र त्यांनाही उत्तर देत बसते. ते गप्प करण्यासाठी 'ग्राउंड बॅलन्स' लागतो, आणि तो स्वतः करता आला पाहिजे. नोक्ता कंपनीचा सिम्प्लेक्स प्लस 12 किलोहर्ट्झवर चालतो आणि त्यात ही सोय आहे. गॅरेट कंपनीचा एस (ACE) 300 हे 8 किलोहर्ट्झचे यंत्र, त्याचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच बसवलेला असतो. यंत्र वाईट नाही, पण काळ्या रानासाठी ते पहिली पसंती नको. कुरकुर थांबवायला माणूस सेन्सिटिव्हिटी (यंत्राचा तिखटपणा) खाली आणतो आणि नेमकी अंगठीच निसटते.

यंत्राबरोबर पिनपॉइंटर घ्याच. हा हातभर लांबीचाही नसलेला छोटा दांडा खड्ड्यात खुपसून वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवतो. तो नसेल तर संकेत मिळूनही ढेकळे चिवडण्यात अर्धा तास जातो. पैसे कमी असतील तर यंत्र एक पायरी खालचे घ्या, पण पिनपॉइंटर सोडू नका.

शोधायला निघण्याआधी घरातली तेवढ्याच वजनाची दुसरी अंगठी घ्या, तिला लांब रंगीत दोरा बांधा (नाहीतर शोधायच्या दोन होतील) आणि त्याच रानात चाचणी घ्या: आडवी ठेवून, उभी ठेवून, मग पाच सेंटीमीटर मातीखाली. पडद्यावर दिसलेले आकडे लिहून ठेवा. आकड्यांची पट्टी कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

इथेच नवखा माणूस फसतो. सोन्याची अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा आणि पेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे कडे आकड्यांच्या एकाच पट्ट्यात बोलतात. कचरा टाळायला डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे संकेत गाळण्याची सोय) वाढवले की अंगठीही गाळली जाते. फक्त लोखंड बंद ठेवा; बाकी जे वाजेल ते उकरा. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही.

शोधताना सुतळीने एक-एक मीटरचे पट्टे आखा. कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, सपाट आणि सावकाश फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी यावी. बहुतेकांचा हात झोक्यासारखा दोन्ही टोकांना वर उचलला जातो आणि पट्ट्याच्या कडा कोऱ्या राहतात. उभे पट्टे संपले की तेच रान आडवे घ्या. धसकटे कॉइलला आडवी येत असतील तर आधी जमिनीलगत कापून घ्या. आणि हो, शोधणाऱ्याच्या पायात जोडवी किंवा लोखंडी टोकाचे बूट नकोत, पावलागणिक यंत्र ओरडेल.

प्रश्न : मोबाइलवर मेटल डिटेक्टरची फुकट ॲप आहेत. त्यांनी काम भागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो. त्याला खिळा सापडेल, सोने-चांदी नाही.

प्रश्न : हर्णैच्या किनाऱ्यावर पत्नीचे मंगळसूत्र पडले. रानात चालणारे यंत्र वाळूत चालेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत चालेल. ओल्या वाळूची गोष्ट वेगळी. खारे पाणी स्वतः विजेचे वाहक असल्याने एकाच फ्रिक्वेन्सीचे यंत्र तिथे सतत खोटे संकेत देते. कोकणात काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू असते, ती त्यात भर घालते. किनाऱ्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र घ्या. मायनलॅब कंपनीची व्हँक्विश मालिका यात सोपी आहे, मात्र तिची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. लाटांत उतरायचे असेल तर त्याच कंपनीची इक्विनॉक्स 600 किंवा 800 पाहा. ती तीन मीटर पाण्यापर्यंत चालतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

मंगळसूत्राबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. काळे मणी काचेचे, त्यांना यंत्र ओळखत नाही. बारीक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी, इवलीशी वस्तू दिसते. म्हणून दहा ग्रॅमची नाजूक साखळी तीन ग्रॅमच्या अंगठीपेक्षा हळू वाजते. तुम्हाला शोधायच्या आहेत त्या वाट्या. चाचणी वाटीवरच घ्या, कॉइल लहान लावा आणि वाळूला जवळजवळ टेकवून फिरवा. ओहोटी उतरू लागली की सुरुवात करा, म्हणजे हाती वेळ राहतो.

प्रश्न : सुरक्षारक्षकांकडे असतो तो हातातला डिटेक्टर स्वस्त आहे. तो घेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सोफा, गादी, वाळल्या पाल्याचा ढीग, कडब्याची पेंढी यांसाठी जरूर. त्याची पोच काही सेंटीमीटरांची, आणि लोखंड की सोने हे तो सांगत नाही. कडबा ताडपत्रीवर पातळ पसरून तपासा. गच्चीवर किंवा काँक्रीटच्या फरशीवर मात्र खालच्या सळया वाजत राहतील. तिथे झाडू आणि चाळणी बरी.

प्रश्न : '50 फूट खोल सोने दाखवणारे' दोन अँटेनांचे यंत्र विकायला आले आहे. शिवाय किल्ल्यावर शोध घेता येतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ते यंत्र घेऊ नका. अंगठीएवढी वस्तू चांगल्या यंत्रालाही साध्या जमिनीत वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे सहसा सापडत नाही. हातात डोलणाऱ्या अँटेना धरणाऱ्याच्या मनगटाच्या हालचालीवर फिरतात.

किल्ल्यावर नाही. संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय उत्खनन करणे हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातही जुने पुरलेले धन लागले आणि त्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दुसऱ्याच्या रानात आपली अंगठी शोधायची असेल तर मालकाला विचारून जा आणि उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवा.