एकाच बुटात सायकल आणि डोंगर?

प्रश्न: ताई, मी इंदूरला राहतो. रविवारी आम्ही मित्र जानापाव नाहीतर चोरलकडे जातो, कधी सायकलनं कधी पायी. बजेट एकाच बुटाचं आहे, दुकानात नेमकं काय बघू?

उत्तर: अरे, साधे फ्लॅट पेडल असतील तर एका बुटात दोन्ही जमतं, पेडलला अडकणारे क्लिपवाले बूट डोंगर चढायला फारसे कामाचे नाहीत. सोल फार मऊ नको, पेडल तळव्याला टोचतं. दुकानात संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि रोजचे नाही, ट्रेकचे जाड मोजे घालून जा, लेस नीट बांध आणि तिथल्याच जिन्यावरून दोनचारदा उतर, अंगठा पुढे आपटला की तो बूट सोड, दुकानदार कितीही म्हणो "वापरून सैल होईल", अहो लांबी कशी वाढेल! आपल्या माळव्यातली काळी माती पावसात बारीक नक्षीच्या सोलमध्ये गच्च भरते, मग नुसती घसरगुंडी, म्हणून सोलखालच्या गुट्ट्या, म्हणजे उंचवटे, खोल आणि एकमेकांपासून दूर दूर असलेला सोल बघ. टायरलाही हेच लागू.

हेल्मेटचं विचारलंच नाहीस! पट्टा न लावता डोकं हलव, घसरलं तर साइझ चुकली. सेकंडहँड घेऊच नको, एकदा आपटलं की आतला थर्मोकोल दबतो, बाहेरून कळतही नाही.

नवे बूट आधी घरातच घालून फिर, सोल स्वच्छ असेल तर बदलून मिळायची शक्यता जास्त, बिल मात्र जपून ठेव.