रायबंदर ते पाटो सायकलने: आधी रस्ता, मग सायकल

नमस्कार. कोल्हापूरहून बदली होऊन तुम्ही रायबंदरला राहायला आलात, ऑफिस पणजीतल्या पाटोला. रोज सायकलने जाता येईल का, कोणती घ्यावी, सुटीच्या दिवशी कुठे जावं आणि इथल्या सायकलवाल्यांसाठी काही करता येईल का, असं विचारलंत. मी मूळचा डिचोलीचा. पणजीत नोकरीला लागून २२ वर्षं झाली, त्यातली १८ सायकलवर गेली.

जाता येईल, आणि तुमच्यासारखा रस्ता फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पर्वरीहून येणाऱ्याला मोठा उतार-चढ आहे. शिवाय मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींनाच मनाई असल्यामुळे त्याला जुन्या पुलावरच्या गर्दीतून यावं लागतं. तुमच्याकडे पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली घातलेला बांध आहे, चढ नावालाही नाही. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. वाऱ्याचंही ऐका. नोव्हेंबर ते मार्च सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारनंतर उलटा फिरतो. तुम्ही सकाळी पश्चिमेला जाणार, संध्याकाळी पूर्वेला परतणार, म्हणजे बहुतेक दिवस दोन्ही वेळा वारा पाठीवर. पावसाळ्यात मात्र तो पश्चिमेकडून सरळ तोंडावर येतो. तेव्हा दहा मिनिटं आधी निघा.

या रस्त्याचा धोका एकच, पण खरा आहे. कडेला मोकळी पट्टी नाही, लगेच कठडा. नवखा माणूस भीतीने कठड्याला चिकटून चालवतो, मग बस घासून जाते आणि त्याला सरकायला जागा उरत नाही. कठड्यापासून दीड हात आत, एका सरळ रेषेत चालवा. मागच्याला तुम्ही दिसता, आणि ओलांडायचं तर नीट बाहेरून ओलांडावं लागतं. हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

सायकलीबद्दल थोडक्यात. तुम्ही ज्या महागड्या रोड बाइकचं नाव घेतलंत ती या कामाला घेऊ नका. ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर, पूर्ण लांबीचे मडगार्ड, मागे कॅरियर आणि डिस्क ब्रेक असलेली साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल पुरेल. डिस्क यासाठी, की पावसात तांबड्या मातीची कचकच रिमवर बसते आणि रिमचे ब्रेक पॅड बघता बघता झिजतात, रिमही खरवडते. खाऱ्या हवेत चेन फार लवकर गंजते. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा, जुन्या धोतराच्या तुकड्याने कोरडी करा, तेल घाला आणि वरचं तेल पुसून काढा. एवढं केलंत तर चेन जास्त काळ साथ देईल.

पणजीच्या पावसाची एक खोड लक्षात ठेवा. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारांचं पाणी नदीत उतरत नाही आणि १८ जून रस्ता, मळा हा भाग तुंबतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी भरतीची वेळ पाहूनच घरातून निघतो. तुंबलेल्या पाण्यात सायकल घालू नका, हातात धरून फूटपाथवरून चला. एका जुलैत मी घातली होती. पाण्याखाली गटाराची जाळी होती, तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असायच्या ऐवजी रस्त्याच्याच दिशेने उभ्या बसवलेल्या. पुढचं चाक फटीत गेलं आणि माझं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टरमध्ये काढला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. त्याआधी आम्ही मित्र मिळून सायकल ट्रॅकसाठी अर्ज करत होतो. अर्ज स्वीकारले जायचे आणि तिथेच राहायचे. मनगट बरं झाल्यावर आम्ही चौघं दोन सकाळी बांधाच्या तोंडाशी उभे राहिलो आणि सायकलवरून कोण जातं ते लिहून काढलं. हेल्मेट घातलेले आमच्यासारखे मोजकेच होते. बाकी पोदेर (घरोघरी पाव पोचवणारे), बांधकामावर जाणारे मजूर, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, शाळेची मुलं. पोदेराच्या मागे पावाची भलीमोठी टोपली असते, त्यावर निळं प्लास्टिक. त्याला झटकन बाजूला होता येत नाही. रोज पहाटे अंधारात घरोघरी पों पों करत तो पाव पोचवतो, आणि रस्ता आखताना त्याला कोणी विचारत नाही. तेव्हापासून आमच्या अर्जात ‘सायकलप्रेमी’ हा शब्द नाही. पहिल्या ओळीत पोदेर आणि शाळकरी मुलं असतात.

मागणीही लहान, नेमकी आणि जागेच्या खुणेसह. अमुक दुकानासमोरची जाळी आडवी बसवा. तमक्या वळणावर दिवा नाही. बाजारात सायकल अडकवायला लोखंडी कमान हवी. प्रत्येक जागेचा फोटो, फोटोत मापाची पट्टी. पोचपावती घ्यायची आणि महिन्याने ती घेऊन परत जायचं. आमच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त जाळ्या वर्षभरात फिरवून बसवल्या गेल्या. आता अर्जात कायद्याचा आधारही देता येतो. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८(१अ) आलं. इंजिनाशिवाय चालणारी वाहनं आणि पादचारी यांच्या वावरासाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्याला दिला आहे. आणि २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा, की रस्त्यावरची जागा वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी वाटायची. ही दोन वाक्यं अर्जात असली की टेबलापलीकडचा माणूस कागद पुन्हा वाचतो.

तुमचा भाग महापालिकेत येतो, म्हणून पहिला अर्ज तुमच्या नगरसेवकाकडे द्या. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. त्यात सायकल न चालवणारी एखादी आजी असली तर फारच बरं, कारण उघडी जाळी तिच्याही वाटेत आहे.

सुटीच्या दिवसासाठी एकदम चोर्ला घाटाचं नाव घेऊ नका, तो दिवाळीनंतर. आधी ही फेरी करा. रायबंदरहून जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाडी. खाजनांमधून, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांमधून जाणारा रस्ता, मधे पिएदादची टेकडी, एवढाच काय तो चढ. बेट ओलांडलं की दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, मूळ दिवाडीवरचं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार करवला. ज्या नदीवरून देव पलीकडे नेला तीच तुम्ही सायकल घेऊन ओलांडलेली असते. तिथे पोचल्यावर पाच मिनिटं नुसते बसा. परतताना मये, मग चोडण, आणि चोडणच्या धक्क्यावरून समोरच रायबंदर. सकाळी सहाला निघालात तर जेवणाला घरी.

फेरीबोटीच्या उतारावर मात्र सायकलवरून उतरून चालत जा. ओहोटीला खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि बोटीच्या लोखंडी फळीच्या सांध्यावरून पुढचं चाक तिरकं गेलं तर सटकतं.