अटक झाल्यावर पोलिसांनी भावाचं पाकीट, घड्याळ, अंगठी काढून घेतली. त्यांना तसा अधिकार आहे का?

हो, आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ५१) हेच सांगतं. जामीन मिळू शकत नसेल किंवा देता आला नसेल, तर पोलीस अंगझडती घेऊन अंगावरच्या आवश्यक कपड्यांखेरीज बाकी वस्तू सुरक्षित ताब्यात ठेवू शकतात.

पण घेतलेल्या वस्तूंची पावती अटक झालेल्याला द्यावीच लागते. ती मागाच, आणि नीट वाचा. कागदावर सोन्याची अंगठी बहुधा ‘पिवळ्या धातूची’ अशी लिहितात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र नग, वजन, खडा, पाकिटातली रोख रक्कम नोटांसकट लिहून घ्या. पुढे वस्तू परत घेताना हाच कागद कामी येतो.

बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही शालीनता पूर्णपणे सांभाळून. यात अजिबात तडजोड करू नका.

अमली पदार्थांचा संशय असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ५० बघा: राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर अंगझडती मागायचा हक्क असतो, आणि तो पोलिसांनी आधी सांगायचा असतो.