उपास सांगा, करतो

"प्रार्थना करतो हो मॅडम, पण ती छताच्या वर जातच नाही. देवानं तोंड फिरवलंय. माझ्यात गर्व शिरलाय का?"

मडगावात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न वरचेवर येतो. मी लगेच गर्वाकडे वळत नाही. आधी झोप, भूक, वजन यांची चौकशी करते, आणि हे किती महिने चाललंय ते विचारते. नैराश्यातही प्रार्थना अशीच कोरडी होते. तशा माणसाला "तू गर्विष्ठ आहेस" म्हटलं तर तो आणखी खचतो. घरात मार खाणाऱ्या बाईला व्यासपीठावरून "नम्र हो" सांगणारेही मी ऐकलेत. त्यांच्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्या काकांची झोप ठीक होती, जेवणही ठीक होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मूळचे नगर जिल्ह्यातले. वास्कोला बंदराच्या कामावर आले आणि इथलेच झाले. हाताखाली तीस माणसं होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मराठी मंडळी (म्हणजे चर्च) त्यांच्याच घरात सुरू झाली, आता ती भाड्याच्या हॉलमध्ये भरते आणि काका तिचे वडील, म्हणजे एल्डर, मंडळीतले ज्येष्ठ पुढारी. बायबल सतरा वेळा वाचून झालंय. प्रत्येक वेळची तारीख वहीत आहे. ती वही त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे ठेवली.

दुखणं काय, तर नव्या तरुण पाळकांनी (पास्टरनी) सांगितलं की उपासनेतली प्रत्येकाची प्रार्थना दोन मिनिटांत आटपावी. काकांची पंधरा मिनिटं चालायची. तेव्हापासून देव बोलेनासा झाला होता.

काकू तोवर गप्प होत्या. मी मुद्दाम विचारलं, "काकू, घरी प्रार्थना कशी होते?"

"यांची प्रार्थना देवाला कमी नि आम्हाला जास्त असते," त्या म्हणाल्या. "सुनेचं नाव न घेता सुनेला सुनावतात. 'हे प्रभू, या घरात सकाळी उशिरा उठणाऱ्यांना जागं कर.'"

सून कुडतरीची, कॅथलिक. लग्नानंतरही संध्याकाळी ती आपल्या खोलीत कोंकणीतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. काकांनी तिला एकदा सांगितलं होतं की पाठ केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही. त्यानंतर ती दार लावून म्हणू लागली.

आता माझी चूक. मी काकांना बायबलमधला लूकचा अठरावा अध्याय वाचायला दिला, परूशी आणि जकातदार यांची गोष्ट: धर्म काटेकोर पाळणारा परूशी 'देवा, मी इतरांसारखा नाही' म्हणून आभार मानतो, जकातदार नुसती दया मागतो. मनात म्हटलं, आरसा दाखवला की काम झालं. पुढच्या भेटीला काका त्यावर चार पानं टिपण घेऊन आले. मोशेच्या नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आणि हा परूशी आठवड्यातून दोनदा करायचा, हे त्यांनी मला समजावलं. टिपण उत्तम होतं. शेवटी म्हणाले, "देवाची कृपा, मी असा नाही." मला हसू आवरेना आणि त्यांना कारण कळेना.

दुसरी चूक लगेच त्याच भेटीत. मी म्हटलं, फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरले ते पोपचे प्रतिनिधी म्हणून, पण राहायला गेले इस्पितळात, रोग्यांजवळ. आणि रस्त्यानं घंटा वाजवत पोरं गोळा करायचे. त्यावर संतपूजा शास्त्राला धरून कशी नाही हे काकांनी मला वीस मिनिटं ऐकवलं. खरं सांगायचं तर मीही काकांसारखीच शिकवायच्या नादात होते.

मग काकाच म्हणाले, "चाळीस दिवसांचा उपास करू का? उपास सांगा, करतो." त्यांना मधुमेह आहे. मी साफ नाही म्हटलं. हाताखालची तीस माणसं गेली, रविवारची पंधरा मिनिटं गेली, आता निदान उपास तरी मोठा हवा होता, असं मला वाटलं. वरून ताठा दिसत होता, पण खाली 'आता मला कोण विचारतो' ही भीती होती.

मी सांगितलं, "सात दिवस घरच्या प्रार्थनेत तुम्ही बोलायचं नाही. घरातली बाकीची माणसं प्रार्थना करतील, सूनबाईसुद्धा, तिच्या भाषेत. तुम्ही नुसतं बसायचं. कुणाचं काही दुरुस्त करायचं नाही."

काका उठलेच. "एवढ्यासाठी वास्कोहून आलो मी?" पिशवी घेतली आणि चालू पडले.

पुढचं काकूंनी फोनवर सांगितलं. बसमध्ये काका धुमसत होते. काकू म्हणाल्या, "अहो, चाळीस दिवस उपाशी राहायला निघाला होता. सात दिवस गप्प बसायला काय जातंय?"

सातचा आकडा मी बायबलमधल्या नामानाच्या गोष्टीवरून घेतला होता, पण दोघांनाही ते सांगितलं नव्हतं. अरामाचा तो सेनापती अंगावर कोड, बरोबर दहा किक्कार (एक जुनं वजन) चांदी नि रथ-घोडे घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात आला. अलीशा बाहेरही आला नाही. यार्देन नदीत सात बुचकळ्या मार, असा निरोप धाडला. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट, म्हणत नामान संतापून माघारी वळला. तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला जे विचारलं, तेच काकूंनी बसमध्ये विचारलं होतं: अवघड काही सांगितलं असतं तर केलं असतंत ना?

काका बसले. पहिले तीन दिवस, काकूंच्या शब्दांत, "कुकरसारखे". चौथ्या संध्याकाळी सुनेनं प्रार्थना केली. कोंकणी काकांना चांगली कळते. तिनं सासऱ्याची साखर आटोक्यात राहू दे म्हटलं, गुडघा दुखू नये म्हटलं, नातवाला अजून खूप वर्षं त्यांनी गोष्टी सांगाव्यात म्हटलं. नंतर काकांनी काकूंना हळूच विचारलं, "आज माझ्यासमोर म्हणून बोलली का?" काकू म्हणाल्या, "रोज बोलते. दाराआड."

काका पुढच्या भेटीला एकटेच आले. वही आणली नव्हती. बराच वेळ पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "मी तिची प्रार्थना पोचत नाही म्हणत होतो. ती माझ्यासाठी होती." मी काही बोलले नाही. या खेपेला जमलं मला.

सुनेची माफी त्यांनी मागितली, पण आधी बायबलमधली तीन वचनं सांगून. मधे काकूंनी कोपर मारलं तेव्हा कुठे "चुकलों गो बाये" बाहेर पडलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि पाच मिनिटांनी चहा घेऊन आली. बिनसाखरेचा.

आता प्रार्थना कशी चाललीय, असं मी दोनेक महिन्यांनी विचारलं. "फार बोलायला सुचत नाही. 'देवा' म्हणतो आणि बसतो. कधी जवळ वाटतो, कधी नाही."

मागच्या रविवारची हकीगत काकूंची. काका मंडळीत साक्ष द्यायला उभे राहिले: आपण सात दिवस मौन कसं पाळलं, मन कसं नमलं, इतरांनीही कसं करावं. पाळकांनी घड्याळ पाहिलं नाही, पण काकूंनी पाहिलं. बारावं मिनिट चालू होतं. काका एका वाक्याच्या मध्यावर थांबले, काकूंकडे बघितलं, आणि वाक्य तसंच सोडून खाली बसले.