प्रश्नोत्तरे : बदावीबाई, पिरॅमिड आणि दिवाळीनंतरचं काम

गेल्या महिन्यात या सदरात झैनब बदावी यांच्याबद्दल थोडं लिहिलं होतं. जन्म सुदानचा, वाढल्या लंडनमध्ये, कित्येक वर्षं टीव्हीवर बातम्या आणि मुलाखती, आणि २०२४ साली आफ्रिकेच्या इतिहासावर ‘ॲन आफ्रिकन हिस्टरी ऑफ आफ्रिका’ हे जाडजूड पुस्तक. तेव्हापासून पत्रं येताहेत आणि त्यांत तेच ते घोळ आहेत. म्हणून काही प्रश्न एकदाच घेऊन टाकतो. मी आफ्रिकेचा इतिहास शिकवून निवृत्त झालो, माझा अधिकार तेवढाच.

बदावी इजिप्तच्या ना? (ठाणे)

नाही. सुदानच्या.

बातम्या देणाऱ्या बाईंना इतिहासातलं काय कळणार? आमचे सर म्हणतात, पत्रकारांनी लिहिलेला इतिहास वाचू नये. (कोल्हापूर)

सरांनी हे पुस्तक वाचून सांगितलं की न वाचता, ते आधी विचारा.

बदावींची पदवी ऑक्सफर्डची, विषय तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. नोकरीत असतानाच त्यांनी लंडनच्या सोआसमधून (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची उच्चशिक्षण संस्था) मध्यपूर्वेच्या इतिहासात एम.ए. केलं. पुढे २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक झाली. घरातही इतिहास होताच. पणजोबा बाबिकर बद्री १८९८ साली ओमदुर्मानच्या लढाईत ब्रिटिश सेनापती किचनेरच्या फौजेविरुद्ध लढले आणि १९०७ मध्ये त्यांनी रुफाआ गावी मुलींची शाळा काढली. वडील वृत्तपत्राचे संपादक, पुढे बीबीसीच्या अरबी सेवेत गेले. म्हणून झैनब दोन वर्षांच्या असताना हे कुटुंब इंग्लंडला आलं.

पुस्तकासाठी त्या सात वर्षं तीसहून अधिक देशांत हिंडल्या. तिथले इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ, गावातली जाणती माणसं यांना त्यांनी प्रश्न विचारले. २००९ साली खार्तुममध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट असताना त्यांच्यासमोर बसून ज्या बाईने प्रश्न विचारले, तिला उत्तर काढून घेता येतं. हे कसब आमच्या प्राध्यापकवर्गात फारसं आढळत नाही. (मी स्वतःलाही धरून बोलतोय.)

उणी बाजूही सांगतो. एका खंडाची हजारो वर्षं एका पुस्तकात कोंबायची तर धावपळ होणारच. एखाद्या राज्याबद्दल खोलात जायचं असेल तर युनेस्कोने १९६४ पासून हाती घेतलेला आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास आहे, त्याचे मूळ आठ खंड. बदावींची टीव्ही मालिकाही त्याच्याच आधाराने झाली. हे खंड मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधा आणि विषय शिकवणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन वाचा.

यूपीएससीला हे पुस्तक चालेल का? (लातूर)

सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून आहे. वसाहतवाद आणि स्वातंत्र्य ही प्रकरणं वाचा, कुश आणि अक्सुम ही प्राचीन राज्यं परीक्षेनंतर. बाकी तुमच्या मार्गदर्शकांना विचारा.

सुदानमध्ये इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आहेत, असा मेसेज आला. खरं की थाप? तिकडे सहल काढावी म्हणतो. (नाशिक)

निम्मा मेसेज खरा आहे. सुदानमध्ये दोनशेहून जास्त पिरॅमिड आहेत, संख्येने इजिप्तपेक्षा अधिक. ते कुश राज्यातल्या राजे-राण्यांचे. आकाराने लहान, उभट, आणि गिझाच्या पिरॅमिडांनंतर बऱ्याच शतकांनी बांधलेले. ‘इजिप्तने सगळं सुदानकडून चोरलं’ हे त्याच मेसेजचं शेपूट मात्र कापून टाका. कुशची राजधानी मेरोए, तिथल्या कित्येक पिरॅमिडांना शेंडे नाहीत, त्यात फेर्लिनी नावाच्या एका इटालियनाचा मोठा वाटा आहे. १८३४ साली त्याने खजिन्याच्या हव्यासापायी ते फोडले.

सहल काढू नका. एप्रिल २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटलं. कुणी टूरवाला स्वस्तात नेतो म्हणाला तर आधी परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा, आणि त्याला पुन्हा फोन करू नका.

४९ रुपयांत या पुस्तकाचं ‘दहा मिनिटांत सार’ मिळतंय. घेऊ का? (पनवेल)

नको. असला एक नमुना मला एका विद्यार्थ्याने दाखवला. त्यात मालीचा सम्राट मान्सा मुसा हाजला निघाला ते साल १२३४ छापलं होतं. खरं साल १३२४. वर त्याची संपत्ती आजच्या डॉलरमध्ये मोजून दिली होती. चौदाव्या शतकातलं सोनं कुणी तोलून ठेवलं होतं, हे त्या साराच्या लेखकालाच ठाऊक. वाचनालयात पुस्तकाची मागणी नोंदवा, तिथे पैसेही पडत नाहीत.

मलिक अंबर खरोखर आफ्रिकेचा होता का? (छत्रपती संभाजीनगर)

हो, इथिओपियाचा. तुमचं शहर खडकी या नावाने त्यानेच वसवलं. कबर खुलताबादला आहे, जाऊन या.

आफ्रिकेत लेखनच नव्हतं तर इतिहास आला कुठून? (सोलापूर)

लेखन होतं. मेरोएची लिपी, इथिओपियाची गीझ, तिंबुक्तूची हस्तलिखितं. पण तुमचा प्रश्न नवा नाही. १९६३ साली ऑक्सफर्डचे ह्यू ट्रेव्हर-रोपर व्याख्यानात म्हणाले, की आफ्रिकेत जो काही इतिहास आहे तो युरोपियनांचा, बाकी अंधार. ही व्याख्यानं बीबीसीने टीव्हीवरून दाखवली. पुढे त्याच बीबीसीवर सुदानमध्ये जन्मलेल्या बाईने आफ्रिकेच्या इतिहासाची वीस भागांची मालिका केली. पुस्तकाच्या नावात ‘आफ्रिका’ असताना वर ‘आफ्रिकन’ शब्दही का आहे, ते यावरून समजून घ्या.

तोंडी परंपरेचा प्रश्न उरतो. तो पुढच्या पत्राकडे नेतो.

माझा जन्म युगांडातल्या कंपालाचा. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा आम्ही सगळं सोडून आलो. मी अनेक वर्षं रेडिओवर निवेदिका होते. बदावींसारखं मीही तिथल्या मराठी घरांबद्दल लिहावं असं वाटतं. आई ९३ वर्षांची आहे, तिला पुष्कळ आठवतं. आधी वाचन पुरं करून दिवाळीनंतर तिला बोलतं करावं का? (पुणे)

नाही, ताई. या रविवारी करा.

१९९१ साली माझ्या मामाच्या मी तीन कॅसेटी भरल्या. तो तरुणपणी पूर्व आफ्रिकेत दारेसलामला गेला होता. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचं छोटं पातं असतं. ते मोडलं की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी ते मोडलं नाही, ‘नंतर करू’ म्हणालो. घरातल्या लग्नात कुणीतरी दुसऱ्या कॅसेटवर सनई भरली. मामा ज्या बोटीने गेला तिचं नाव त्या कॅसेटवर होतं. आता ते सांगायला मामाही नाही.

‘म्हातारं माणूस गेलं की ग्रंथालय जळतं’ ही आफ्रिकन म्हण आहे, असं मला पुन्हा कुणी पाठवू नये. म्हण नाही ती. १९६० साली मालीचे लेखक अमादू हंपाते बा युनेस्कोत याच मुद्द्यावर बोलले, त्यावरून हे वाक्य फिरतं. बोलणाऱ्याचं नाव गळून म्हण कशी होते, ते तुमच्या कामातही ध्यानात ठेवा. आईने सांगितलेली गोष्ट तिने पाहिलेली की शेजारणीकडून ऐकलेली, हे दर वेळी विचारा आणि लिहून ठेवा. तोंडी साक्षही कागदासारखी पारखायची असते, हे आफ्रिकेचे इतिहासकार यान व्हान्सिना यांनी सांगून ठेवलंय.

एक भीती आहे ती तुमच्या पेशाची. रेडिओवर चार सेकंद शांतता पडली की निवेदक घाबरतो आणि काहीतरी बोलतो. इथे आई गप्प झाली तर ती आठवतेय असं समजा आणि तोंड मिटून बसा. ‘अमीन दुष्ट होता ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच मिळेल. नव्वद दिवसांत देश सोडा ही बातमी आली तेव्हा घरात कोण काय करत होतं, ते विचारा. चुलीवर काय होतं, बरोबर काय घेतलं, चावी कुणाला दिली.

पंखा बंद ठेवा, फोन विमानमोडवर टाकून, त्यावर रेकॉर्डिंग लावून उशीजवळ ठेवा, अर्ध्या तासाच्या वर नको. त्याच रात्री तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सालांची गल्लत होणारच, ती पासपोर्टच्या शिक्क्यांवरून आणि जुन्या पत्रांवरून जुळवा. दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी छापण्याआधी वकिलाला दाखवा. वय पाहता आईच्या डॉक्टरांनाही विचारा, पण फोन आजच करा. वाचन काय, नंतरही होईल.

‘झैनब’ लिहायचं की ‘जैनब’? (इंदूर)

मी ‘झैनब’ लिहितो. जवळपास अरबी येणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.